स्वतःकडं बघा, पण पेपर तपासल्यासारखं नको

टेन्शन घेणाऱ्या पोराला "स्वतःकडं लक्ष दे" असं सांगणं म्हणजे अवघडच प्रकार आहे, कारण ते पोरगं दिवसभर दुसरं काय करतच नसतंय. मी नीट बोललो का, आवाज थरथरला का, मागच्या बाकावर हसले ते मलाच का, मुरूम दिसतोय का, छाती एवढी का धडधडायला लागली... हे सगळं स्वतःकडंच लक्ष आहे की. आणि त्रास त्याचाच आहे. त्यामुळं हल्ली जो तो उठून "पोरांना माइंडफुलनेस शिकवा, स्वतःची जाणीव वाढू दे" म्हणायला लागला तेव्हा मला पहिली शंका हीच आली, की आधीच स्वतःत अडकलेल्या पोराला अजून आत ढकलतोय की काय आपण?

मी बेळगावच्या वडगावात पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, पोरांच्या गणित-फिजिक्सच्या शिकवण्या घेते. डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. पण १६-१७ वर्षांची पोरं रोज समोर बसतात, त्यांचे चेहरे दिसतात, आणि त्यांच्या आया दारात चप्पल घालता घालता दहा मिनिटं बोलतात, म्हणून हा विषय वाचत गेले. त्यातलं जे पटलं ते साध्या भाषेत मांडते, आणि जे पटलं नाही तेही.

आधी एक पोरगी सांगते. नाव नको. खानापूर तालुक्यातल्या गावातनं लाल बसनं येते, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं पोरींना तिकीट नाही ते बरं झालं, पण गर्दी अशी की निम्मा रस्ता एका पायावर. दहावीपर्यंत मराठी मिडीयम, एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, ६२५ पैकी छान मार्क, गावात पेढे वाटून झाले, आणि मग पीयूसी सायन्सला आली तर सगळं इंग्रजीत. काल-परवापर्यंत जे 'त्वरण' होतं ते एका उन्हाळ्यात 'ॲक्सिलरेशन' झालं. सीमाभागातल्या मराठी शाळेच्या पोरांना हे नवीन नाही, दरवर्षी शेकडो पोरं यातनं जातात आणि बरीचशी तरूनही जातात. पण ही पोरगी लिहिताना उजव्या हाताखाली घडी घातलेला रुमाल ठेवायची, तळहाताला घाम यायचा म्हणून, नाहीतर शाई फिसकटायची. एकदा मी गणित विचारलं, ही गप्प. जवळ जाऊन बघते तर उत्तर वहीत लिहिलेलं, बरोबर लिहिलेलं, आणि त्यावर डावा हात झाकलेला. नंतर म्हणाली, "बाई, मला येत होतं, खरं चुकलं तर सगळी बघतील म्हणून बोललोच नाही." आणि मग घरी जाऊन रात्री दीडपर्यंत तेच, की बाई काय म्हणतील, बाकीची काय म्हणतील, मी अशीच का.

आता हिला स्वतःची जाणीव कमी आहे असं कोण म्हणेल?

डेव्हिड एल्काइंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६७ सालीच यावर लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं, की या वयात पोरांच्या डोक्यात एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग बसलेला असतो. खरे लोक आपापल्या कामात असतात, पण पोराला वाटतं सगळ्यांची नजर माझ्यावरच. हा काय पोरकटपणा नाही, दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करायची ताकद नव्यानं आलेली असते आणि ती सुरुवातीला जरा जास्तच चालते, एवढंच. बहुतेकांचं वयाबरोबर कमी होतं. ज्यांचा स्वभाव आधीच काळजीचा आहे त्यांच्यात तो प्रेक्षक जाता जात नाही, उलट हातात लाल पेन घेऊन बसतो.

म्हणजे स्वतःकडं बघायच्या दोन तऱ्हा झाल्या. एक पेपर तपासल्यासारखी, की प्रत्येक गोष्टीला बरोबर-चूक, मार्क किती, कापले किती. दुसरी नुसती बघायची, की आत्ता छाती धडधडतीय, आत्ता डोक्यात "मला जमणार नाही" हा विचार आला, बस. निकाल नाही. टेन्शनवाल्या पोरांकडं पहिली तऱ्हा भरपूर असते आणि दुसरी जवळजवळ नसतेच, आणि माइंडफुलनेस म्हणजे ही दुसरी तऱ्हा शिकायची. पुस्तकी मराठीत त्याला सजगता म्हणतात. माझी शंका फिटली ती इथं.

शरीरात काय होतं ते थोडक्यात बघू, कारण पोरांना हे सांगितलं की निम्मी भीती तिथंच उतरते. मेंदूत आत अमिग्डाला नावाचा एक छोटा भाग असतो, धोका दिसला की तो आधी घंटा वाजवतो, विचार नंतर. घंटा वाजली की ॲड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात, श्वास वरवर, तळहाताला घाम, पोटात गोळा, कारण शरीर पळायच्या किंवा भिडायच्या तयारीला लागतं आणि पचनबिचन बाजूला ठेवतं. परीक्षेच्या सकाळी पोरं संडासाला पळतात ती नाटकं नाहीत हो. या घंटेला "अरे थांब, हा वाघ नाही, युनिट टेस्ट आहे" असं सांगणारा भाग कपाळामागं असतो आणि तो पूर्ण पक्का व्हायला साधारण पंचविशी उजाडते. म्हणजे १६ व्या वर्षी घंटा जोरात आणि समजावणारा अजून शिकाऊ. त्यामुळं "एवढं काय घाबरायचं त्यात, आमच्या वेळी..." हे वाक्य कितीही प्रेमानं म्हटलं तरी पोराच्या डोक्यात ते पोचत नाही, पोचतं ते एवढंच, की घाबरणं हीसुद्धा माझी चूक.

आणि मग दुसरा घोळ सुरू होतो. छाती धडधडली हा पहिला भाग. "धडधडतीय म्हणजे मला काहीतरी झालंय, सगळ्यांना कळणार, माझा पेपर जाणार" हा दुसरा. पहिला तसा आपोआप ओसरतो. दुसरा त्याला परत पेटवतो, परत ॲड्रिनलिन, परत धडधड. काम करायचंय ते या दुसऱ्या भागावर, पहिला आपल्या हातात फारसा नाहीच.

आता हे माइंडफुलनेस आलं कुठनं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन या माणसानं १९७९ ला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात, जुनाट दुखण्यानं बेजार झालेल्या पेशंटसाठी काही आठवड्यांचा एक कोर्स सुरू केला. माणूस मूळचा जीवशास्त्राचा, ध्यान शिकलेला बौद्ध गुरूंकडनं, पण दवाखान्यात त्यानं धर्माचा भाग बाजूला ठेवला आणि निव्वळ लक्ष देण्याचा सराव घेतला. त्याची व्याख्या साधी आहे: मुद्दाम, आत्ताच्या क्षणाकडं, निवाडा न करता लक्ष देणं. मुळं मात्र आपल्याच बाजूची. सत्यनारायण गोएंका १९६९ ला ब्रह्मदेशातनं भारतात आले, नंतर इगतपुरीला विपश्यनेचं केंद्र झालं, आणि त्यातलं 'आनापान' म्हणजे नुसता येणारा-जाणारा श्वास बघायचा, हे महाराष्ट्रातल्या शाळांत 'मित्र उपक्रम' म्हणून पोरांना शिकवलं जातं. निपाणीवाल्यांचे पाव्हणे कागल-कोल्हापूरला असतात, त्यांच्या पोरांकडनं ऐकलंही असेल.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "मन रिकामं करायचं". एक बाई मला म्हणाल्या, आमच्या बाळ्याला पाच मिनिटं बसवलं, म्हणतो विचार थांबेनातच झालेत, त्याला काय जमायचं नाही. अहो थांबणारच नाहीत! डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८७ ला कॉलेजच्या पोरांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि वर, नंतर "आता खुशाल करा विचार" म्हटल्यावर आधी दाबायला सांगितलेल्या पोरांच्या डोक्यात अस्वल जास्तच आलं. विचार दाबला की तो फुगतो. म्हणून इथं विचार थांबवायचा नसतो, तो आलाय हे ओळखायचं असतं आणि लक्ष परत आणायचं असतं. पाच मिनिटांत चाळीस वेळा लक्ष गेलं आणि चाळीस वेळा आणलं तर ते चाळीस वेळा नापास होणं नाही, तोच सराव आहे, व्यायामशाळेतल्या पोराला कुणी म्हणतं का, की जोर काढताना खाली का गेलास?

यात खरं काम कसं होतं, तर दोन-तीन गोष्टी बऱ्यापैकी समजलेल्या आहेत. पहिली म्हणजे नाव देणं. मॅथ्यू लीबरमन या मेंदूच्या अभ्यासकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ ला लोकांना स्कॅनरमध्ये घालून रागावलेले-घाबरलेले चेहरे दाखवले, आणि ज्या वेळी त्या भावनेला शब्द द्यायला लावला त्या वेळी अमिग्डालाची धावपळ कमी झालेली दिसली. म्हणजे "मला कसंतरी होतंय" याच्या जागी "मला लाज वाटतीय", "मला भीती वाटतीय की आप्पा बोलणार" असं नेमकं म्हणता आलं की घंटा जराशी हळू होते. आपल्या पोरांकडं शब्दांची खोट नाही, पण घरात भावनेसाठी दोनच शब्द चालतात, 'टेन्शन' आणि 'बोअर'. त्या खानापूरच्या पोरीला मी एकदा विचारलं, टेन्शन म्हणजे नक्की काय ग? बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "भीती नाही बाई. लाज. माझं इंग्रजी ऐकून हसतील ह्याची लाज." हे कळलं तेव्हा पुढचं सोपं झालं, कारण भीतीवरचा इलाज वेगळा आणि लाजेवरचा वेगळा. तिला म्हटलं, उत्तर मराठीत दे, शब्द मी सांगते.

दुसरी गोष्ट, विचार आणि मी यात थोडी फट पडणं. "मी नापास होणार" आणि "मी नापास होणार असा विचार मला आत्ता येतोय" ही दोन वाक्यं म्हणून बघा मोठ्यानं. दुसऱ्यात तोच विचार आहे, पण आता तो निकालपत्र राहिला नाही. तिसरी गोष्ट श्वास. श्वास सोडताना हृदय किंचित हळू होतं, घेताना किंचित जोरात, हे निसर्गाचं आहे, मनगटावर बोटं ठेवून शांत बसलं तर काहींना कळतंही. म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांब केलं, घेताना मनात चार आणि सोडताना सहा मोजले, की शरीर जरा खाली उतरतं. तसं म्हटलं तर श्वास बदलणं हे माइंडफुलनेस नाही, त्यात नुसतं बघायचं असतं, पण पेपरच्या आधी हात कापत असताना कशाला शास्त्रार्थ करायचा, आधी सहा मोजा.

करायचं कसं? पोरांबरोबर जे चालतं ते सांगते. मांडी घालून, डोळे मिटून, अगरबत्ती लावून हॉलमध्ये बसवू नका, त्यातनं पाव्हणे आले असले तर अजिबात नको, १५ वर्षांच्या पोराला याहून मोठी शिक्षा नाही. डोळे उघडे चालतात. खुर्चीवर चालतं. बसमध्ये उभं राहून चालतं, उलट तिथं छान चालतं: दोन्ही तळवे चपलेला कुठं टेकलेत, टाच जड की चवडा, वरच्या दांड्याला धरलेली बोटं थंड आहेत की घामेजलेली. एवढंच. काकतीपासून चन्नम्मा सर्कलपर्यंत एवढं केलं तरी भरपूर. आमच्या वडगाव-शहापूरला अजून माग चालतात, त्या आवाजावर बसायला सांगते मी कधीकधी, खटक खटक चालू आहे, मधेच एखादा धागा तुटला की थांबतो, परत सुरू होतो, नुसता ऐकायचा, आवडला-नावडला काय म्हणायचं नाही. टिळकवाडीची पोरं रेल्वे गेटला अडकली की मोबाईल काढतात, तिथं ती गाडी पूर्ण जाईपर्यंत नुसता आवाज ऐकायचा, कुठनं आला, कुठं विरला. तीन मिनिटांचं काम. मध्येच विचार येणार, "मॅथ्सचा होमवर्क राहिला", तर मनात म्हणायचं "विचार आला", आणि परत आवाज. बास.

शरीरापासून सुरू केलेलं बरं, कारण घाबरलेल्या पोराला "तुझ्या मनात काय चाललंय" विचारलं की ते "काय नाही" म्हणतं, आणि खोटंही बोलत नसतं, त्याला खरंच सापडत नसतं. पण "पोटात कसं वाटतंय, खांदे वर आलेत का, दात आवळलेत का" विचारलं तर चटकन सांगतं. काही दिवसांत पोरांना आपली ठरलेली खूण कळायला लागते, कुणाचे खांदे, कुणाचा घसा, कुणाच्या पोटात कळ. ती खूण लवकर ओळखता आली की पूर्ण भडका उडायच्या आधी सहा मोजता येतात. जाणीव वाढली म्हणजे काय झालं, तर हे झालं, मोठं काय नाही.

आणि आई-बाबांनी "आज किती मिनिटं केलंस?" हे विचारायचं नाही. कृपा करून नाही. ते विचारलं की तोही एक विषय झाला, सहा विषयांवर सातवा, आणि पोरगं परत लाल पेनच्या तावडीत. त्यापेक्षा स्वतः करा, पोराला दिसेल असं. रात्री जेवताना टीव्ही आणि सगळ्यांचे मोबाईल बंद ठेवून पहिले चार घास गप्प खाल्ले तरी चालतं, आमटी खारट झालीय हे तरी कळेल.

आता पुराव्याचं. इंटरनेटवर वाचलं तर वाटतं हे सगळ्यावर रामबाण आहे. तसं नाही. ब्रिटनमध्ये 'मिरियड' नावाचा मोठा अभ्यास झाला, ८४ शाळा, ११ ते १३ वयाची आठ हजारांवर पोरं, निम्म्या शाळांत वर्गात माइंडफुलनेस शिकवलं, निम्म्यांत शाळेचं नेहमीचं भावनिक-सामाजिक शिक्षण चालू ठेवलं. २०२२ ला निकाल आले: पोरांच्या मानसिक आरोग्यात सरासरी काही फरक नाही. ज्यांना आधीच त्रासाचा धोका होता अशा काही पोरांना तर किंचित जडच गेलं असं दिसलं. बहुतेक पोरांनी घरी सराव केलाच नव्हता, कंटाळवाणं वाटलं म्हणून. त्याच साली अमेरिकेतल्या २७६ मोठ्या माणसांवरचा दुसरा अभ्यास आला, चिंतेच्या आजाराचं निदान झालेल्या, त्यात आठ आठवड्यांचा कबाट-झिनवाला कोर्स हा एस्सिटॅलोप्रॅम या नेहमीच्या गोळीच्या तोडीस तोड ठरला. पण त्यांनी रोज घरी ४५ मिनिटं सराव करायचा होता, आणि ती प्रौढ माणसं होती, आपापल्या त्रासापायी आलेली.

दोन्ही शेजारी ठेवून मला तरी असं वाटतं, की अख्ख्या वर्गाला घंटा वाजवून सक्तीनं बसवण्यात फारसा अर्थ नाही. ज्या पोराला स्वतःला त्रास होतोय आणि त्यातनं सुटायचंय, त्याच्या हातात हे द्यावं, शिकवणारं माणूस जवळ असावं, आणि नको म्हणालं तर सोडून द्यावं. आमच्यात काही पोरं तालमीत किंवा कबड्डीच्या मैदानावर जी घाम गाळून येतात त्यांना या आसनाबिसनाची गरजच पडत नाही, त्यांचं लक्ष आपसूक शरीरात येतं. झोपेचंही तसंच. या वयात ८ ते १० तास झोप लागते आणि शरीराचं घड्याळच थोडं उशिरा सरकलेलं असतं, त्यात पहाटे पाचला उठून पाठांतर, संध्याकाळी क्लास, रात्री बारापर्यंत मोबाईल. पाच तास झोपलेल्या पोराला माइंडफुलनेस शिकवत बसण्यापेक्षा आधी झोपू दे त्याला.

काहींना श्वासाकडं लक्ष दिलं की उलट घुसमटतं. पॅनिकचे झटके येणारी पोरं, दम्याची पोरं, लहानपणी काही वाईट प्रसंग सोसलेली पोरं, यांना आत बघणं म्हणजे त्याच अंधाऱ्या खोलीत परत जाणं होऊ शकतं. त्यांना "अजून नेटानं कर" म्हणू नका, लगेच थांबवा, डोळे उघडू द्या, बाहेरच्या गोष्टींवर आणा, पायाखालची फरशी, खिडकीतलं झाड, आवाज. त्यातही नाही जमलं तर हे साधन त्या पोरासाठी नाही एवढंच.

आणि साधन हे साधनच आहे, दवा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा, की १० ते १९ वयातल्या दर सात जणांत एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात आठ-नऊ. दोन आठवड्यांच्या वर पोरगं शाळा-कॉलेजला जायचंच टाळत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, मित्र तुटले असतील, छातीत धडधडून मरणाची भीती वाटत असेल, तर श्वासावर भागवू नका. आणि "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही बोललं, किंवा स्वतःला इजा केली, तर त्याच दिवशी हालचाल करा, एकटं सोडू नका, "नाटकं करतंय" तर अजिबात म्हणू नका.

जायचं कुठं? कर्नाटकात सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वयाच्या पोरांसाठी 'स्नेहा क्लिनिक' असतात, चौकशी करायची, आशाताईंनाही माहीत असतं. बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, आणि मोठं सरकारी केंद्र म्हणजे धारवाडचं डिमहान्स, सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. घरातनंच बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, भाषा निवडता येते. पोराला कन्नडमध्ये मन मोकळं करता येत नसेल तर फोन लागल्या लागल्या मराठीत बोलायचंय म्हणून सांगा. दवाखान्यात जाताना एक करा, पोराला काय होतं ते त्यालाच सांगू दे. पहिली पाच मिनिटं आईनं बोलायचं नाही, आणि डॉक्टरनं आईला बाहेर बसायला सांगितलं तर राग न मानता बाहेर बसायचं.